पेशींचा निरोप

१९४० च्या सुमारास इटलीतील तुरीन शहरातल्या एका निजण्याच्या खोलीत एक तिशीतील स्त्री कोंबडीच्या गर्भांवर शस्त्रक्रिया करीत बसलेली असे. जवळ सूक्ष्मदर्शक यंत्र होते, अंडी उबविण्याची पेटी होती. हत्यारे म्हणाल तर घासून अणकुचीदार केलेल्या शिवणकामाच्या सुया आणि घड्याळजीचा चिमटा. या स्त्रीचे नाव रीता लेव्ही-मोंताल्चिनी.

हा हौसेचा मामला नव्हता. १९०९ साली जन्मलेल्या रीताबाईंनी उच्च शिक्षण घ्यावे, हे वडिलांना मान्य नव्हते. विसाव्या वर्षी त्यांनी कशीबशी संमती मिळविली, लॅटिन, ग्रीक आणि गणित यांची उणीव आठ महिन्यांत भरून काढली आणि १९३६ साली वैद्यकाची पदवी घेतली. दोनच वर्षांनी मुसोलिनीच्या राजवटीने वंशविषयक कायदे केले, आणि ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले. त्यांचे गुरू ज्युझेप्पे लेव्ही हेही ज्यू. त्यांचेही अध्यापकपद गेले. तेव्हा हे गुरुजी शिष्येच्या खोलीत मदतनीस म्हणून येऊ लागले!

त्या खोलीत शोध चालला होता तो एका जुन्या कोड्याचा. अमेरिकेत सेंट लुईस येथे व्हिक्टर हॅम्बर्गर हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या गर्भावर प्रयोग करीत. १९३४ साली त्यांनी असे दाखविले होते की, गर्भाच्या पंखाचा अंकुर कापून टाकला म्हणजे त्या पंखाला तंतू पुरविणारी मज्जाकेंद्रे खुरटतात. त्यांची उपपत्ती अशी की, पंखाकडून येणारी प्रेरणा तुटल्यामुळे तेथे नव्या मज्जापेशी घडतच नाहीत. रीताबाईंनी रोज थोडे थोडे गर्भ घेऊन क्रमाने तपासले. त्यांना दिसले ते निराळेच. पेशी घडत होत्या. त्यांचे तंतू पंखाच्या दिशेने निघतही होते. आणि मग त्या जागच्या जागी मरत होत्या.

फरक वरवर किरकोळ वाटतो. परंतु जन्मलेली पेशी मरते, याचा अर्थ तिचे जगणे तिच्या स्वाधीन नाही. ज्या अवयवाकडे ती तंतू धाडते, तेथून काही निरोप आला तरच ती जगते. मग तो निरोप कोणत्या रूपाने येतो? रीताबाईंचे पुढचे आयुष्य या प्रश्नामागे गेले.

मध्यंतरी युद्ध होतेच. बाँबवर्षावामुळे ही प्रयोगशाळा खेड्यात हलली. तेथे अंडीही सहजी मिळत नसत. १९४३ साली जर्मन सैन्य आल्यावर कुटुंबाला फ्लॉरेन्समध्ये लपून राहावे लागले. १९४७ साली हॅम्बर्गर यांनी त्यांना काही महिन्यांसाठी अमेरिकेस बोलाविले, आणि तेथे त्यांची सुमारे तीस वर्षे गेली. आपल्या उपपत्तीला छेद देणाऱ्या संशोधिकेला आपल्याच प्रयोगशाळेत बोलावणे, यात हॅम्बर्गर यांचा मोठेपणा दिसतो. पुन्हा केलेल्या प्रयोगांत रीताबाईच बरोबर ठरल्या.

पुढचा धागा उंदराच्या अर्बुदात सापडला. ते गर्भाला जोडले असता मज्जातंतू त्यात अक्षरशः लोटत. रीताबाईंनी अर्बुद गर्भाबाहेरील पातळ पडद्यावर ठेवले. आता संबंध उरला केवळ रक्ताचा. तरीही तोच परिणाम. म्हणजे निरोप द्रवातून वाहत होता! १९५२ साली अर्बुदग्रस्त उंदीर बरोबर घेऊन त्या विमानाने रिओ द जानेरोला गेल्या. तेथे काचपात्रात मज्जापेशींचा पुंजका अर्बुदाच्या तुकड्याशेजारी ठेवताच, सूर्याच्या किरणांसारखे तंतू त्यातून फुटले.

हे द्रव्य वेगळे काढण्याचे काम स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनज्ञाकडे आले. ते न्यूक्लिइक अम्ल की प्रथिन, हे ठरविण्यासाठी अम्लाचे विघटन करणारे सर्पविष त्यात मिसळले. वाढ थांबण्याऐवजी कितीतरी पटींनी वाढली, कारण विषातच ते द्रव्य विपुल होते. मग कोहेन यांनी विचार केला की, सापाची विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच. आणि खरोखरच नर उंदराच्या लाळग्रंथीत तो साठा मिळाला. ते प्रथिन निघाले. त्याला निष्प्रभ करणारा रक्तरस नवजात उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या अनुकंपी मज्जासंस्थेतील पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. तुरीनच्या खोलीतील अनुमानाला याहून भक्कम पुरावा कोणता हवा? त्याच ग्रंथीतील दुसऱ्या एका द्रव्याने उंदरांच्या पिलांचे डोळे वेळेआधीच उघडतात, हे कोहेन यांच्या ध्यानात आले. तो त्यांचा स्वतंत्र शोध.

१९८६ सालचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. हॅम्बर्गर त्यात नव्हते, हे अनेकांना खटकले आणि खटकावे असेच ते होते. उत्तर चुकले असले, तरी प्रश्न त्यांचा होता. ते १०० वर्षे जगले. त्यांचा मृत्यू २००१ सालचा, आणि त्याच वर्षी रीताबाई इटलीच्या संसदेत आजीव सदस्य झाल्या. २०१२ साली वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे रोममध्ये निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी त्याच मज्जावर्धक प्रथिनाचे थेंब, ज्यांच्या डोळ्याच्या बुबुळावरील पडद्याचे मज्जातंतू निकामी झाले आहेत अशा रुग्णांसाठी, युरोपात औषध म्हणून मान्य झाले.