मुतखडा आणि मातृत्व



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. आपल्या गावच्या या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण नववीपर्यंत; उरलेले या गावच्या वाचनालयाने आणि कारखान्यांच्या फाटकांनी पुरे केले. कामगारांचा कार्यकर्ता म्हणजे बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी चालकांची समजूत होती. आम्ही विषय कळवला तेव्हा ते जरा चपापले. "हा विषय डॉक्टरांचा नव्हे काय?" असे त्यांनी विचारले. उपचार डॉक्टरांचाच, हे आम्हांला मान्य आहे. परंतु हा विषय आमचाही कसा झाला, ते आधी सांगतो. त्यात आमची एक चूक आहे, आणि ती लपवून हे व्याख्यान देता येणार नाही.

२०१६ साली एका शिवणकारखान्यातील बायकांनी मागण्यांचा कागद करण्यासाठी आम्हांला बोलावले. साठ बायका आणि दोन संडास. त्यांतल्या एकाची किल्ली मुकादमाच्या खिशात. बायकांनी पहिलीच मागणी संडासाची सांगितली. आम्ही तो कागद नीट लिहून काढला, तेव्हा पगारवाढ वर घेतली आणि संडासाची मागणी खोडली. वाटाघाटीत असल्या बारीक गोष्टींनी मुद्दा पातळ होतो, असे आमचे त्या वेळचे शहाणपण! बायका काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपला उपाय केव्हाच शोधला होता. सकाळी घरून निघताना चहा, आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट नाही. पाणीच प्यायले नाही तर मुकादमापुढे हात पसरावा लागत नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक, सातव्या महिन्यात असताना, मशीनवरच वाकली. उजव्या कमरेतून कळ उठून जांघेत उतरत होती. सासूला वाटले, दिवस भरण्याआधीच कळा लागल्या. कोणी दुकानातून गोळी आणून दिली, रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर कळले की, खडा मूत्रवाहिनीत अडकला आहे आणि त्याच्यामागे तुंबलेल्या लघवीत पू झाला आहे. त्या रात्री आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. आपण काय खोडले होते ते आम्हांला तिथे समजले.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. लघवीत क्षार विरघळलेले असतात. पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि क्षारांचे कण धरू लागतात. घागरीच्या तळाला चुना बसतो तसाच हा प्रकार. केवळ पाणी हेच कारण नव्हे. घराण्यातला कल, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, काही ग्रंथींचे विकार हीही कारणे आहेत. परंतु आपल्या हातात सर्वांत जास्त काय असेल तर पाणी. इटलीतील डॉक्टरांनी १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकदा खडा होऊन गेलेल्या माणसांचे दोन गट करून त्यांनी पाच वर्षे पाहिले. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी हवे. लघवी पिवळीजर्द दिसली तर पाणी कमी पडले असे समजावे.

गरोदरपणात शरीर बदलते. संप्रेरकांमुळे मूत्रवाहिनी सैल पडते, आणि वाढणारा गर्भाशय तिच्यावर रेलतो. त्यामुळे मूत्रपिंडाला थोडी सूज येते, ती बहुधा उजव्या बाजूला जास्त. सोनोग्राफीच्या कागदावर अशी सूज लिहिलेली दिसली की घरात रडारड होते. पण बहुतेक गरोदर बायकांत ती नैसर्गिकच असते. प्रत्येक सूज म्हणजे खडा नव्हे. खड्याचा त्रास किती जणींना होतो? दोनशे गरोदर स्त्रियांत एकीपासून दोन हजारांत एकीपर्यंत निरनिराळे आकडे दिले जातात. बहुतेक वेळा तो चौथ्या महिन्यानंतर होतो.

कळ उठल्यावर काय करावे? डॉक्टर प्रथम सोनोग्राफी करतात. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि बाळाला धोका नसतो. तीनांपैकी दोघींचा किंवा त्याहून अधिक जणींचा खडा पाणी, विश्रांती आणि वेदनाशमन एवढ्यावर आपोआप पडून जातो. मात्र वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिलेलीच हवी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या एरवी खड्याच्या कळेला उत्तम. पण पाचव्या महिन्यानंतर त्यांनी गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधी मिटू शकते. आमच्या त्या भगिनीला दुकानातून आणून दिलेली गोळी याच जातीची होती. शेजारणीच्या डब्यातली गोळी प्रेमाने दिलेली असते, हे खरे. पण प्रेमाने औषधाचा गुण बदलत नाही.

ताप, थंडी, न थांबणारी ओकारी, लघवी बंद होणे, किंवा पोट राहून राहून कडक होणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. अडलेल्या लघवीत जंतू शिरले तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. अशा वेळी मूत्रवाहिनीत बारीक नळी घालून किंवा पाठीतून नळी टाकून तुंबारा मोकळा करतात. दुर्बीण घालून लेसरने खडा फोडणेही अनुभवी हातांत गरोदरपणी होऊ शकते. पण बाहेरून ध्वनिलहरी मारून खडा फोडण्याची जी पद्धत १९८० साली म्युनिकमध्ये माणसावर प्रथम वापरली गेली, ती गरोदर स्त्रीवर वापरत नाहीत.

या नळीविषयी एक शब्द बायामाणसांनी पक्का लक्षात ठेवावा. गरोदरपणात नळीवर क्षार लवकर चढतात, म्हणून ती बहुधा चार ते सहा आठवड्यांनी बदलावी लागते, आणि शेवटी काढावी लागते. आमच्या भगिनीची नळी एकदा बदलली. दिवस जवळजवळ भरल्यावर मुलगी झाली, सुखरूप झाली. मग ती माहेरी गेली आणि दवाखान्याचे कागद सासरी राहिले. नळी पोटात आहे हे बारशाच्या गडबडीत सगळे विसरले! आमच्या संघटनेच्या एका कार्यकर्तीने बिलांची फाईल लावताना तारीख पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी एस. टी. ने तिचे माहेर गाठले. तेव्हा माहेरी जाताना बाळंतविड्याबरोबर दवाखान्याचे कागदही बांधून द्या, आणि नळी काढण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.

पण खरा शहाणपणा दिवस राहण्यापूर्वीचा. पुढे कळले की, या मुलीला लग्नाआधीपासूनच खडा असल्याचे ठाऊक होते. सोयरिकीत खोट निघू नये म्हणून माहेरच्यांनी तो कागद जाळला होता. बंधुभगिनींनो, मुतखडा ही खोट नव्हे. त्याने मूल होण्यात अडथळा येत नाही. ज्या स्त्रीला पूर्वी खडा झाला आहे, तिने मूल हवे असे ठरताच तपासणी करून घ्यावी. उपचाराजोगा खडा असेल तर तो तेव्हाच काढावा, कारण त्या वेळी डॉक्टरांच्या हाती सगळे मार्ग मोकळे असतात. खड्यासाठी रोजचे औषध चालू असेल तर दिवस राहण्याआधीच ते डॉक्टरांना दाखवावे. काढलेला किंवा पडलेला खडा फेकू नये, तपासायला द्यावा. तो कशाचा बनला आहे यावर पुढचा उपाय ठरतो.

खाण्याविषयी दोन गैरसमज आहेत. खडा कॅल्शियमचा म्हणून गरोदर बायका दूध सोडतात, कॅल्शियमच्या गोळ्या फेकतात. हे उलटे आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेते. दूध-ताक घ्यावे, गोळी डॉक्टरांना विचारून, जेवणाबरोबर घ्यावी. कमी करायचे ते मीठ : पापड, लोणचे, खारे शेंगदाणे. लिंबूपाणी चांगले. कुळथाचे कढण घरचे अन्न आहे, खुशाल प्यावे. पण ते दवाखान्याच्या जागी नको. आणि गरोदरपणी अनोळखी पुड्या तर मुळीच नकोत.

हे सगळे पाणी प्यावे असे आम्ही सांगतो. पण प्यायलेले पाणी बाहेर कुठे टाकायचे? या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर नाही, ते समाजाला द्यावे लागते. १९४८ च्या कारखाने कायद्याने पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळी संडास-मुताऱ्यांची सोय मालकावर बंधनकारक केली होती. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यातही ही जबाबदारी मालकाचीच आहे. मुंबईतील स्त्रियांनी तर सार्वजनिक मुताऱ्यांसाठी चळवळ केली. काही लोक तिला हसले. हसणाऱ्यांत कदाचित आम्हीही असतो, जर २०१७ ची ती रात्र आमच्या वाट्याला आली नसती.

पुढच्या कराराच्या वेळी आम्ही कागद बायकांच्या हाती दिला आणि लेखणीही. पहिली मागणी संडासाची आली. ती मान्य व्हायला पगारवाढीपेक्षा कमी वेळ लागला. मालक म्हणाला, "एवढेच होते तर आधी का नाही सांगितले?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज तिथे चार संडास आहेत, कड्या आतून आहेत आणि किल्ली कोणाकडेच नाही. प्रत्येक मशीनशेजारी पाण्याची बाटली असते.

इथे बसलेल्यांत दुकानदार आहेत, संस्थाचालक आहेत, नगरसेवक आहेत. उद्या सकाळी आपापल्या ठिकाणी काम करणाऱ्या बाईला एकच प्रश्न विचारा, किंवा तिला संकोच वाटणार असेल तर आपल्या घरातल्या बाईकडून विचारवा : तू दिवसभरात पाणी किती पितेस? उत्तर ऐकून मग आपले संडास पाहून या. आमचे सांगणे एवढेच आहे.