तीन नंबरच्या मशीनवरचा वाचक



 

ऑनलाइन शैक्षणिक साधने आणि त्यांतील प्रवेशाची व्यवस्था हा आपल्या ग्रंथपालांच्या यंदाच्या संमेलनाचा विषय, आणि अध्यक्ष म्हणून त्याचा आढावा मी घ्यावा अशी अपेक्षा आहे. २००४ साली यूजीसी-इन्फोनेटमुळे विद्यापीठांत परदेशी नियतकालिके संगणकावर उघडू लागली. २०१० मध्ये एन-लिस्टमुळे महाविद्यालयांना तो लाभ मिळाला. २०१५ मध्ये या योजना ई-शोधसिंधूत एकत्र आल्या. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाले : तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६३०० हून अधिक सरकारी संस्था. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने हे उभे करायला घेतलेल्या कष्टांना माझा नमस्कार. आढावा मी इथेच थांबवते. या सगळ्या वाटचालीत आपण एक माणूस दाराबाहेर ठेवला, आणि त्याच्याविषयी बोलायची संधी मी बरीच वर्षे शोधत होते.

२००९ सालची गोष्ट. मी विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. दुपारी एक गृहस्थ आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. अकरा वर्षांच्या मुलीला सिकलसेल. डॉक्टरांनी एक औषध सुचवले होते आणि ते वर्षानुवर्षे घ्यायचे होते. त्यांना एवढेच वाचायचे होते की, लहान मुलांना ते दिल्यावर पुढे काय होते. मी त्यांना तीन नंबरच्या मशीनवर बसवले. तेव्हा प्रवेश आयपी पत्त्यावर होता. संगणक विद्यापीठाच्या आवारात आहे एवढे प्रकाशकाला पुरे. खुर्चीत कोण बसले आहे हे तो विचारत नसे. शिवाय आमच्या करारात ‘वॉक-इन युजर’चे कलम होते. ग्रंथालयात येऊन बसलेल्या कोणालाही तिथे वाचायची मुभा होती. आम्ही दोघांनी चार लेख काढले. अवघड शब्द मी कोशात पाहून सांगितले. संध्याकाळी ते कागद पिशवीत घालून गृहस्थ शेवटच्या एसटीने गेले.

बारा वर्षांनी ते पुन्हा आले. मुलीचे लग्न झाले होते, ती गरोदर होती आणि त्याच औषधाविषयी आता दुसरा प्रश्न होता. मशीन तीन नंबरचेच होते. पण मधल्या काळात आम्ही लॉगिनवर गेलो होतो. टाळेबंदीत विद्यार्थ्यांना घरून वाचता यावे म्हणून ते आवश्यकच होते. त्याला माझा विरोध नाही. मात्र पडद्यावर युजरनेम मागितले गेले, आणि या माणसाला युजरनेम नव्हते. ते विद्यार्थी नव्हते, प्राध्यापक नव्हते, कर्मचारी नव्हते. मी माझा पासवर्ड घातला. नियम मोडला. पासवर्ड दुसऱ्यासाठी वापरणे योग्य की अयोग्य यावर सकाळच्या सत्रात बरीच चर्चा झाली. माझे म्हणणे असे की, नियम मोडण्याची वेळ त्या दिवशी माझ्यावर आली, कारण त्या वाचकासाठी आपण नियमच ठेवला नव्हता.

तो ठेवता आला असता. इन्फ्लिबनेटचे इन्फेड हे लॉगिनचे जाळे ज्या शिबोलेथ प्रणालीवर चालते तिच्यात प्रकाशक आपल्या वाचकाला ओळखत नाही, आपल्या सहीला ओळखतो. आपला सर्व्हर एक निवेदन पाठवतो, त्यावर डिजिटल सही असते, आणि ती खरी की खोटी हे आपल्या प्रमाणपत्रावरून पडताळले जाते. म्हणजे प्रमाणपत्र फक्त सही आपली आहे एवढेच सिद्ध करते. सहीच्या वर काय लिहायचे, ते आपण ठरवायचे. माणसाचे संस्थेशी असलेले नाते सांगण्यासाठी ‘एज्युपर्सन’ या प्रमाणकात आठ शब्द आहेत : अध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी वगैरे. त्यातला एक आहे ‘लायब्ररी-वॉक-इन’. ग्रंथालयात प्रत्यक्ष हजर असलेला वाचक! ज्यांनी हे प्रमाणक बनवले त्यांना आमचे गुरुजी दिसले होते. आम्हाला दिसले नाहीत. हा शब्द आपल्याकडे भरला जावा म्हणून मी संगणक विभागाच्या बैठकीत विषय मांडला. ग्रंथपालांनी तांत्रिक बाबींत पडू नये, असे उत्तर मिळाले. ती बाब तांत्रिक नव्हती. कोणाला आत घ्यायचे हा ग्रंथालयाचा सगळ्यात जुना प्रश्न आहे, आणि तो आपण आपल्या हातून जाऊ दिला.

बाहेरच्यांना घेतले की गैरवापर होतो, असे म्हणणारे सहकारी या सभागृहात आहेत. माझ्या नोकरीत प्रकाशकाने आमचा प्रवेश एकदाच तोडला, दोन दिवसांसाठी. आमच्याच एका नोंदणीकृत संशोधक विद्यार्थ्याने एका रात्रीत नियतकालिकाचे खंडच्या खंड उतरवून घेतले होते. त्याच्याकडे रीतसर लॉगिन होते, ओळखपत्र होते, मार्गदर्शकाची शिफारस होती. बाहेरून आलेल्या वाचकांपैकी एकाबद्दलही कधी तक्रार आली नाही. ते एक लेख शोधत येत, तो मिळाला की आभार मानून जात.

वन नेशन वन सबस्क्रिप्शनच्या पहिल्या टप्प्यात सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी ग्रंथालये आहेत, तिथे संगणकही पोहोचले आहेत. त्या टेबलावर बसणाऱ्या वाचकाला कोणत्या रकान्यात घालायचे, हे अजून ठरायचे आहे. ते ठरवताना आपण तिथे असले पाहिजे.

या वाचकाला नियमात जागा देणारा एक मसुदा करावा असा माझा विचार आहे. काही जणांनी पुढे यावे. नावे नंतर ठरवू. करार वाचण्याचे कामही वाटून घेता येईल. प्रत्येकाने परत गेल्यावर आपल्या ग्रंथालयाच्या करारात ‘वॉक-इन’चे कलम आहे का, एवढे पाहून मला कळवावे. अनेकांच्या करारात ते असेल, आणि ते तिथे आहे हे कोणी सांगितलेले नसेल.

गुरुजींना त्या दुसऱ्या भेटीत दोन लेख मिळाले. छापून होईपर्यंत ते तीन नंबरच्या खुर्चीत बसून होते. जाताना त्यांनी विचारले, “मॅडम, तुम्ही निवृत्त झाल्यावर मी कोणाला विचारायचं?” पुढच्याच वर्षी मी निवृत्त झाले. त्या मशीनशेजारी आता सूचना लावली आहे : प्रवेश फक्त सभासदांसाठी.