आमच्या पानावर कोण येतं आणि त्याचे पैसे कोण देतं?

(यवतमाळ येथे जिल्ह्यातील स्त्री-संघटनांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला दिलेला विषय आहे 'लहान संकेतस्थळ : वाचक आणि पैसा'. पत्रिकेवर तो वाचून एका ताईंनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं, "हे तं धंद्याचं भाषण हाये न? आपल्या बैठकीत कायले?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पैशाची चर्चा होते ती बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात, निम्म्या जणी एस.टी. गाठायला उठलेल्या असताना. आज संयोजकांनी ती सकाळी ठेवली, याचं मला बरं वाटलं.

आमचा गट पूर्वी चार पानांचं पत्रक काढायचा. यवतमाळात छापलेलं पत्रक उमरखेडच्या मैत्रिणीच्या हाती पडेपर्यंत महिना उलटायचा. २०१६ साली आम्ही संकेतस्थळ केलं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, आता क्षणात जगभर पोचू. जगभर पोचलो हे खरं. झरी-जामणीला पोचायला मात्र फार वेळ लागला, आणि अजूनही पुरते पोचलो असं मी म्हणणार नाही.

संकेतस्थळाच्या मागच्या बाजूला एक मोजणी असते. रोज किती भेटी झाल्या, कोणत्या गावातून झाल्या, फोनवरून की संगणकावरून, हे सगळं तिथे दिसतं. आमच्या मोजणीत पुणे, मुंबई, नागपूर, हैदराबाद, अगदी अमेरिकासुद्धा दिसते. आपले सोळा तालुके मात्र शोधावे लागतात. याचं नवल नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया चारांत जेमतेम एक होत्या. आता ते प्रमाण वाढलं असेल. पण घरातला चांगला फोन कोणाच्या खिशात असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाई आमचा लेख वाचते ती शेजारच्या पोरीच्या फोनवर, किंवा पोरगी मोठ्यानं वाचते आणि ओट्यावर बसून चौघी ऐकतात. मोजणीत ती एक भेट. मारहाणीबद्दलचा लेख वाचून झाला की ती फोनमधली खूण पुसून टाकते, कारण नवरा फोन तपासतो. उलट शंभर भेटींमधल्या बऱ्याचशा निव्वळ यंत्रांच्याही असतात. कुठली तरी संगणकी जाळी पानं चाळत फिरते. त्यामुळे आकडा वाढला म्हणून हरखून जाऊ नका आणि कमी झाला म्हणून खचू नका. आकड्याच्या मागे कोण आहे ते विचारा.

आमच्याकडे आकडा दोनदा एकदम फुगला. पहिल्यांदा २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. सगळ्या बातम्या फवारणाऱ्या पुरुषांच्या होत्या. आम्ही लिहिलं ते फवारणीचं पाणी वाहणाऱ्या आणि संध्याकाळी ते कपडे हातानं धुणाऱ्या बायकांबद्दल. दुसऱ्यांदा जानेवारी २०१९ मध्ये, इथे यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन झालं तेव्हा. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, देशभर गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीनं. त्या आठवड्यात साऱ्या महाराष्ट्राला एकाएकी यवतमाळच्या बायकांबद्दल वाचायचं होतं. आठवडा सरला, माणसं गेली. २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत जळक्याच्या कलावतीबाईंचं नाव घेतलं तेव्हाही असंच झालं होतं. यवतमाळची बाई बातमीत येते ती विधवा म्हणून आणि आठ दिवसांसाठी. अशा पुरावर शेती करता येत नाही.

या फुगलेल्या भेटींनी पैसे किती दिले, ते सांगते. जाहिरातीची व्यवस्था अशी असते : आपण पानावर जागा मोकळी ठेवायची, जाहिरात कोणती लावायची ते कंपनीचं यंत्र ठरवतं. गुगलच्या ॲडसेन्स योजनेत दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे पाहायला टपालानं एक पिन क्रमांक येतो, आणि शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात पडत नाहीत. हिंदीला ही योजना २०१४ मध्ये खुली झाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. शंभर डॉलर म्हणजे आपल्यासारख्या संकेतस्थळाला किती वाट पाहावी लागते, याचा अंदाज येण्यासाठी एवढंच सांगते की पहिल्या वर्षी आमच्या खजिनदारबाईंनी जमाखर्चात त्या रकान्यात नुसती रेघ ओढली होती.

रक्कम कमी हा भाग वेगळा. ती कमी का, हे समजून घ्या. जाहिरातदार पैसे देतो ते वाचकाच्या खरेदीच्या ताकदीचे. त्याच लेखावर अमेरिकेतल्या वाचकाची एक भेट आणि झरीतल्या कोलाम बाईची एक भेट यांचे भाव सारखे नसतात. बाजाराच्या हिशोबात आपली वाचक जवळजवळ शून्य. म्हणजे जाहिरातीवर जगायचं ठरवलं की लिहिणारीची नजर हळूहळू पुण्या-मुंबईकडे, परदेशाकडे वळते. कोणी तसं ठरवत नाही, पण विषय बदलत जातात.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. जाहिरातदारांना काही शब्द नको असतात. आत्महत्या, बलात्कार, मृत्यू, अत्याचार हे शब्द पानावर आले की अनेक जाहिरातदारांची यंत्रं तिथून दूर राहतात. त्यांच्या मालाचं नाव अशा मजकुराशेजारी नको असतं. आता आपण या शब्दांशिवाय काय लिहिणार? आणि जी जाहिरात येते ती कोणती? आम्ही ज्या जाळ्याकडून जाहिराती घेतल्या त्याचं नाव घेत नाही, रीत सगळ्यांची सारखीच. फवारणीच्या त्या लेखाशेजारी त्यानं कीटकनाशकाची जाहिरात लावली. यंत्राला 'कपाशी' आणि 'फवारणी' एवढंच कळलं. पुढे गोरेपणाचं मलम, वशीकरणवाले बाबा, झटपट कर्ज. अशा जाहिरातींचे प्रकार बंद करता येतात, तेवढी सोय असते. आम्ही एकेक बंद करत गेलो आणि शेवटी जागा रिकामीच राहायला लागली. दोन वर्षांनी जाहिराती काढून टाकल्या. पान आता लवकर उघडतं, हा एक फायदा. कमी डेटा असलेल्या फोनवर त्याला महत्त्व आहे.

मग वाचक वाढवायचे कसे? या बाबतीत मला अनुभवानं चार गोष्टी ठाम सांगता येतात.

बाई माहिती शोधते ती तिच्या भाषेत. 'स्त्रियांचे भूमिहक्क : एक चिंतन' असं ती फोनला विचारत नाही. ती बोलते, "सातबाऱ्यावर बायकोचं नाव कसं लावायचं?" किंवा "भाऊ हक्कसोडवर सही मागतो, करू का?" तिच्या तोंडचा प्रश्न हाच मथळा ठेवा. आमच्याकडे वर्षानुवर्षं टिकून वाचलं जाणारं पान कोणतं असेल? हक्कसोडपत्राचं. त्यात २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे, फेरफाराला तलाठ्याकडे काय काय न्यायचं, नोटीस आली तर हरकत कशी घ्यायची, हे साध्या भाषेत आहे. त्याला गदारोळाची गरज पडत नाही. पेरणीच्या आधी आणि राखीच्या सुमाराला ते जास्त वाचलं जातं. राखीच्या सुमाराला का, ते तुम्हाला कळलं असेल.

जुने अंक ज्या फॉन्टात टाइप केले होते तो युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय शोधात काहीच सापडत नाही. छापील पानाचा फोटो चढवला तरी शोधयंत्राला तो वाचता येईलच असं नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला कोणी अनुदान देत नाही. दारव्ह्याच्या आमच्या दोघी मैत्रिणींनी ते रात्री बसून केलं.

आणि वाचक आले की जबाबदारी येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. ४९८-अ चं कलम ८५ झालं, पोटगीचं १२५ आता १४४ झालं. जुनं पान तसंच ठेवलं तर बाई पोलीस ठाण्यात जुना क्रमांक सांगते आणि समोरचा तिला हसून परत पाठवतो. छापील अंक जुना झाला की रद्दीत जातो. संकेतस्थळावरचं पान जुनं होऊनही ताज्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक कायद्याच्या पानावर शेवटचं कधी तपासलं ती तारीख ठेवा.

चौथी गोष्ट व्हॉट्सॲपची. आपल्याकडे दुवा कोणी पाठवत नाही, अख्खा मजकूरच उचलून पाठवतात. आमचं हक्कसोडचं पान मला स्वतःला तीन वेळा आलंय, एकदा तर 'एका वकिलाचा मोलाचा सल्ला' म्हणून. एका स्थानिक पोर्टलनं ते शुद्धलेखनासकट छापलं. काहींना याचा राग येतो. मला अर्धाच येतो. चळवळीचा मजकूर न विचारता गावोगाव फिरतो, तर फिरू दे की. पण मोजणीत ती भेट येत नाही आणि वर्गणी मागायला आपल्याला ती बाई सापडत नाही. म्हणून आता आम्ही गटाचं नाव आणि मदतीचा फोन लेखाच्या शेवटी न ठेवता मधल्या परिच्छेदात, वाक्यातच ओवतो. उचलणाऱ्याला तो काढायचा कंटाळा येतो. त्या फोनवर आता वणी, मारेगाव, पांढरकवड्याकडून बायका बोलतात. हे आमचे खरे वाचक.

पैशाचा प्रश्न नवा नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला 'दीनबंधु' तीन वर्षांत पैशाअभावी अडचणीत आला, मग १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईला नेऊन चालवला. आपल्या यवतमाळातून साप्ताहिक म्हणून निघणारं 'लोकमत' १९७१ मध्ये नागपूरहून दैनिक झालं आणि पुढे केवढं वाढलं ते आपण पाहतोच. पण त्या वाढीची वाट जाहिरातीची आहे, ती आपल्या कामाची नाही. आपल्याला जवळचं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया'चं. २००२ मध्ये चित्रकूटला दलित, आदिवासी, मुस्लिम बायकांनी बुंदेलीत सुरू केलेलं छापील वार्तापत्र पुढे पूर्णपणे डिजिटल झालं, चित्रफितींवर गेलं. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि त्यात आपलं चित्र पुरतं खरं नाही हेही त्यांनी जाहीरपणे सांगितलं. तो बाणेदारपणा मला ऑस्करहून मोठा वाटतो.

एक वाट होती मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या निधीची. मोठी संस्था परदेशी निधी आणायची आणि त्यातला वाटा लहान गटांना द्यायची. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. आपल्यासारख्या किती गटांचे दिवे त्यात मंद झाले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

अशा वेळी गेल्या वर्षी आमच्याकडे एक प्रस्ताव आला. बचत गटांना कर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीचा. दर महिन्याला एक लेख त्यांचा, 'यशस्वी उद्योजिका' अशा स्वरूपाचा, आणि तो जाहिरात आहे असं कुठे लिहायचं नाही. रक्कम आमचा दोन वर्षांचा खर्च भागवणारी होती. इथल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे, हप्ता चुकला की अशा कंपन्यांची माणसं दारात येऊन कशी बसतात, गटातल्या बायकांनाच एकमेकींवर कशी सोडतात. आमच्या बैठकीत यावर दोन दिवस वाद झाला. घेऊ म्हणणाऱ्या मैत्रिणीचा मुद्दा पोकळ नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही तत्त्व सांभाळा, पण होस्टिंगचं बिल मी माझ्या पगारातून भरते आहे, त्याचं काय?" तिला उत्तर देणं कठीण होतं. शेवटी बहुमतानं नकार कळवला. तिनं संकेतस्थळाचं तांत्रिक काम सोडलं. आजही ती गटात आहे, मोर्च्याला येते, पण बंद पडलेलं पान दुरुस्त करायला आता आम्ही बाहेरच्या मुलाला पैसे देतो. नकाराची किंमत अशी पडते. तो नकार बरोबर होता असं मला वाटतं, आणि तिची तक्रारही बरोबर होती.

त्यानंतर आम्ही वर्गणीकडे वळलो. आठवडी बाजारात हक्कसोड, पोटगी, वारसनोंद यांची एकेक पानी छापील पत्रकं ठेवतो. पत्रकावर चौकोनी ठशाचा क्यू.आर. असतो, एक पान वाचायला, दुसरा पैसे द्यायला. घाटंजीच्या बाजारात एका आजींनी दहाची नोट पुढे केली. "फोन नाई बा आपल्यापाशी, हेच घे. पोरीच्या वावराचं काम झालं तुमच्या कागदानं." आम्ही पावती फाडली. पाच, दहा, वीस रुपयांच्या पावत्यांनी गेल्या वर्षी होस्टिंग आणि नावाचं नूतनीकरण एवढं भागलं. लिहिणारीला मानधन अजून देता येत नाही. एका बाईला महिन्याकाठी मजुरीइतकं तरी मिळावं, नाहीतर हे काम फक्त नोकरीवाल्या बायकांपुरतं उरेल. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी संस्था-वर्गणी भरावी यासाठी आम्ही फिरतो आहोत. दोघांनी भरली, बाकीचे 'पुढच्या सत्रात बघू' म्हणतात.

एक व्यवहाराची गोष्ट, आणि ही जरूर लिहून घ्या. संकेतस्थळाचं नाव कोणाच्या नावावर नोंदलं आहे? ते नोंदवणाऱ्या कुणाच्या भाच्याच्या, की गटाच्या? पासवर्ड कोणाकडे? पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात? जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल आपण जे विचारतो, तेच इथेही विचारायचं. नोंदणी गटाच्या नावानं, गटाच्या ई-मेलवर, आणि पासवर्ड किमान तिघींकडे.

आमचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. दाराजवळच्या टेबलावर वर्गणीचं पावतीपुस्तक ठेवलं आहे आणि शेजारी एक वही आहे. तुमच्या भागातल्या बायका तुम्हाला वारंवार काय विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत त्या वहीत लिहून जा. पुढची पानं त्यावरून करायची आहेत. दुपारच्या एस.टी.नं जाणाऱ्यांनी आधी लिहिलं तर बरं होईल.