मुसावो आहे का?

युगांडातल्या लुगांडा भाषेत ‘मुसावो’ असा एक शब्द आहे. नर्स असो, मिडवाइफ असो की डॉक्टर, उपचार करणारं माणूस म्हणजे मुसावो. कळा सुरू झालेली बाई बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून आरोग्य केंद्राच्या दारात उतरते. तेव्हा सोबतच्या माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, मुसावो आहे का?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न कंपालातल्या आरोग्य मंत्रालयाला विचारला असता, तर नेमकं उत्तर मिळालं नसतं. कागद मात्र उदंड होते. नर्सची नोंदणी नर्सिंग कौन्सिलच्या वहीत, नेमणूक जिल्हा सेवा आयोगाच्या फायलीत, पगार तिसऱ्याच यादीत आणि बदलीचा हुकूम आणखी कुठल्या तरी कपाटात. या कागदांची एकमेकांशी गाठच पडत नसे.

माणसांचा तुटवडा तर होताच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली मांडलेला हिशेब असा होता, की जगातल्या आजारपणाचा २४ टक्के भार आफ्रिकेवर, आणि जगातले आरोग्य कर्मचारी मात्र तिथे ३ टक्के. भाकरीच एवढी लहान असेल, तर ती कुणाच्या ताटात किती पडते हे फार जपून पाहावं लागतं. आणि ताटं कुठे मांडली आहेत हेच माहीत नसेल, तर वाढणार कसं?

याच सुमारास अमेरिकेतल्या इंट्राहेल्थ या संस्थेनं यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेच्या पैशातून आयएचआरआयएस नावाची संगणक प्रणाली तयार केली. परवान्याचं शुल्क नाही. कुणीही घ्यावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी. युगांडा ती घेणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक. या प्रणालीत एका मिडवाइफचं पान उघडलं तर काय दिसतं? नाव, जन्मतारीख, शिक्षण, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, पद, केंद्र आणि रुजू झाल्याची तारीख. आपल्याकडच्या सेवापुस्तकासारखंच. पण सेवापुस्तक एका वेळी एकच उघडता येतं. इथे हजारो पानं एकदम चाळता येतात. जिल्ह्यातल्या किती मिडवाइफ येत्या तीन वर्षांत निवृत्त होणार, हे जन्मतारखांवरून काही मिनिटांत कळतं. त्यांची जागा घेणाऱ्या मुली आजच शिकायला बसल्या पाहिजेत, हेही त्यातूनच उमजतं.

युगांडाच्या आकृतिबंधात तिसऱ्या श्रेणीच्या आरोग्य केंद्राला १९ पदं मंजूर होती आणि चौथ्या श्रेणीच्या केंद्राला ४८. मंजूर पदांशी नेमलेली माणसं ताडून पाहिली, तेव्हा २०११-१२ मध्ये देशभर सुमारे ५८ टक्केच पदं भरलेली निघाली. आणि हा आकडा संसदेत पोचला. २०१२ च्या सप्टेंबरात खासदारांनी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जादा पैसे मिळाल्याशिवाय अंदाजपत्रक मंजूर करायला नकार दिला. अखेर ४९.५ अब्ज शिलिंगांची तरतूद झाली, सहा हजारांहून अधिक पदांची भरती ठरली आणि चौथ्या श्रेणीच्या केंद्रांतल्या डॉक्टरांचा पगार वाढला. २०१३-१४ पर्यंत भरलेल्या पदांचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास गेलं. ‘माणसं कमी आहेत’ ही तक्रार कितीही वर्षं करता येते. ‘अमुक जिल्ह्यात अमुक इतकी पदं रिकामी आहेत’ असं म्हटलं, की अर्थमंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं.

पण एका श्रेणीच्या सगळ्या केंद्रांना मंजूर पदं सारखी, आणि काम मात्र सारखं नसतं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक रीत आहे, कामाच्या भारावरून माणसं मोजण्याची. ती आपण करूनच पाहू. वर्षाचे कामाचे दिवस २६०. त्यातून रजा, सण, आजारपण आणि प्रशिक्षण वजा केलं की समजा २०८ उरले. रोज आठ तास धरले तर एका मिडवाइफचे वर्षाला १,६६४ तास. आता समजा केंद्रात ६०० बाळंतपणं झाली, प्रत्येकी चार तासांची. गरोदर बायकांच्या ३,००० तपासण्या झाल्या, प्रत्येकी वीस मिनिटांची. झाले ३,४०० तास. म्हणजे नोंदी आणि साफसफाई सोडूनही दोन मिडवाइफ पुरत नाहीत. तिथे एकटीच असेल, तर ती बाई आळशी आहे की दमली आहे, याचं उत्तर या गणितात आहे. मला ही रीत मोलाची वाटते ती यासाठी, की तिच्यात राबणाऱ्या माणसाची बाजू आकड्यांत मांडली जाते.

प्रणाली विकत न घेता मिळते, पण ताजी नोंद फुकट होत नाही. बदली झाली, कुणी नोकरी सोडली, कुणी परदेशी गेली, कुणी वारली, हे जिल्ह्याच्या कार्यालयातल्या कुणीतरी त्याच आठवड्यात भरावं लागतं. ते राहून गेलं, की पडद्यावर मुसावो असते आणि केंद्राच्या दाराला कुलूप असतं. करामोजासारख्या दूरच्या, कोरड्या भागात तर नेमणूक झालेली माणसंही टिकत नाहीत. तिथे राहायला घर आणि वेळेवर पगार हवा; त्याची जागा यादी घेऊ शकत नाही.

या कामाचा मोठा आधार परदेशी मदतीचा होता. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं ती मदत गोठवली आणि जुलैत यूएसएआयडीचं काम थांबलं. प्रणाली देशांच्या हातात आहे, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण जिल्ह्यात बसून रोज नोंद भरणाऱ्या माणसाचा पगार आता त्या त्या देशाच्या अंदाजपत्रकातूनच निघाला पाहिजे, मिडवाइफच्या पगाराच्या शेजारच्या ओळीत.