एम. बी. ए. झाले म्हणजे नशीब उघडले काय?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलगा बी. कॉम. झाला की घरात विचार सुरू होतो, आता याला एम. बी. ए. करावे. त्यासाठी कोणी आखातातली बचत मोडतो, तर कोणी जमीन गहाण टाकतो. तेव्हा हा प्रश्न केवळ शिक्षणाचा नाही, घराच्या भाकरीचाही आहे.

काही जण अझीम प्रेमजींचा दाखला देतात. १९६६ साली वडील वारले तेव्हा एकवीस वर्षांचे प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतले. अमळनेरला वनस्पती तूप बनविणारी कंपनी त्यांनी 'विप्रो' या नावाने जगभर नेली. मग पदवी हवी कशाला? पण बांधवांनो, त्यांच्या हाती वडिलांचा चालता कारखाना आला होता. ज्याच्यामागे ना पेढी, ना भांडवल, ना ओळख, त्या आपल्या मुलाला मुलाखतीपर्यंत पोहोचविणारे पदवीखेरीज दुसरे साधन बहुधा नसते. म्हणून पदवीला कमी लेखू नका.

मात्र पदवी दारापर्यंतच नेते. आत टिकविते ते काम. हैदराबादचे सत्या नडेला मूळचे इंजिनिअर. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करीत असतानाच १९९७ साली त्यांनी शिकागो विद्यापीठाची एम. बी. ए. पदवी घेतली. वर्गात शिकलेले त्यांना कामावर पडताळता आले. २०१४ साली ते त्याच कंपनीचे प्रमुख झाले.

पालकहो, फी भरण्यापूर्वी महाविद्यालयाला मान्यता आहे का ते पाहा. गेल्या वर्षी किती मुलांना, कोठे व किती पगारावर नोकरी लागली, हे लेखी मागा. जाहिरातीतला मोठा पगार एखाद्यालाच मिळतो. सामान्य गुणांच्या मुलाला काय मिळाले ते विचारा. उत्तर मिळत नसेल तर तेथे जमीन गहाण टाकू नका. आणि हा सारा विचार मुलींसाठीही तितक्याच आस्थेने करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला ताळेबंद वाचता येतो काय? इंग्रजीत एक नीट पत्र लिहिता येते काय? येत नसेल तर आधी दोन वर्षे एखाद्या पेढीवर किंवा हिशेबनिसाच्या हाताखाली काम करा. त्यात कमीपणा नाही. नंतर घेतलेली पदवी खरोखर उपयोगी पडेल.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त इल्म आणि मेहनतीची आवड देवो. आमीन.