जैतापूर : हमी कोणाची, भार कोणावर?

(कंधार येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



कोकणातील अणुप्रकल्पाशी कंधारच्या शेतकऱ्याचा काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वीजबिलात आहे. परदेशी कर्जावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला शासन हमी देते, तेव्हा ती अंतिमतः जनतेचीच हमी असते.

महाराष्ट्राने हे दोनदा अनुभवले आहे. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली अमेरिकेचे कर्ज आणि अमेरिकेचेच इंधन यांच्या आधारे सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि इंधनासाठी फ्रान्सकडे जावे लागले. दाभोळला एन्रॉनच्या प्रकल्पामागे राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी होती. तेथील वीज महाग ठरली, देणी थकली आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. तारापूरने इंधनाची अट तपासण्यास शिकविले, दाभोळने दराची.

आता जैतापूर. प्रत्येकी १६५० मेगावॅटचे सहा फ्रेंच संच येथे योजिले आहेत. भारत-फ्रान्स अणुसहकार्य करार २००८ साली झाला. पुढे अरेवा कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि सूत्रे ईडीएफकडे गेली. २०२१ साली ईडीएफने तांत्रिक व व्यापारी प्रस्ताव सादर केला. तरी विजेचा दर, कर्जाच्या अटी आणि अपघाताचे दायित्व हे प्रश्न वाटेत उभे राहिलेच. अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा, भांडवलाचा मोठा. त्यामुळे विलंबाच्या प्रत्येक वर्षी व्याज चढते आणि दर वाढतो. याच प्रकारची अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे २००७ साली बांधावयास घेतली. तिची वीज ग्रिडला मिळावयास २०२४ उजाडले.

म्हणून अणुवीज नकोच, असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही. राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र ज्या कंधारात आहे, तेथे दीर्घ पल्ल्याच्या कामांचे मोल सांगावयास नको. तसे काम शासनानेच अंगावर घ्यावयाचे असते; मात्र डोळे उघडे ठेवून. विलंबाचा भुर्दंड पुरवठादाराने सोसावा, इंधनाची शाश्वती लेखी असावी, यंत्रभागांची निर्मिती अधिकाधिक येथेच व्हावी आणि माडबन परिसरात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना न्याय मिळावा. काक्रापारला ७०० मेगावॅटचे दोन स्वदेशी संच उभे करणाऱ्या देशाने वाटाघाटीत याचकाप्रमाणे बसण्याचे कारण नाही.

हमीपत्रावर स्वाक्षरी शासनाची असेल, परतफेड आपली. तेव्हा अटी वाचण्याचा आग्रह प्रत्येक नागरिकाने धरला पाहिजे.