वर्गातील जागा
(ज्युबिलीनिमित्त पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आम्ही आपणापुढे एका गोणपाटाची हकीकत ठेवू इच्छितो. सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. ज्यांच्या अध्यक्षतेखाली पुढे राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला, ते हेच बाबासाहेब. आपल्या शाळेविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे की, वर्गात कोपऱ्यात निराळ्या गोणपाटावर बसावे लागे. झाडणारा नोकर त्यास शिवत नसे. सबब ते रोज घरी न्यावे व दुसरे दिवशी परत आणावे लागे. तहान लागल्यास शिपायाने नळ उघडावा. शिपाई नसेल तर पाणी नाही. या साऱ्यात छडीचे नावही नाही, हे ध्यानात घ्यावे. बसण्याची जागा आणि पाणी, एवढ्यानेच काम भागले होते.

त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले. भाऊरावांचे ऐतवडे बुद्रुक आज सांगली जिल्ह्यात आहे. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. पंक्तीची किंमत ती माउली जाणत होती.

आज गोणपाट गेले, परंतु कोपरा गेला काय? ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या मुलास नावाने न हाकारता 'तोडकऱ्याचा' म्हणणे, हा कोपराच होय. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मारासमवेत मानसिक छळही मना केला आहे. आणखी एक गोष्ट बोलण्यास जड जाते, तरी बोलतो. मूल एखाद्या वडील माणसाविषयी, मग त्याच्या अंगात आमच्यासारखा झगा का असेना, काही सांगू लागले, तर त्यास गप्प बसवू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी पाळकास विचारावे, असे त्यात कोठेही नाही.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात यापुढे दरमहा रांगा बदलतील, पाण्याचा माठ एकच राहील व दार उघडे राहील. पालकांनी कोणत्याही रविवारी, न कळविता, येऊन पाहावे.